मावशीचं पाणी

चष्म्याच्या दांडीचा स्क्रू आवळता आवळता ताईच्या हातातून पक्कड सुटली. घाम आला नव्हता, कुणाचा धक्का लागला नव्हता. बोटं एकाएकी दुसऱ्या कुणाची तरी असावीत तशी झाली आणि पक्कड काउंटरच्या काचेवर आपटून खाली गेली. समोर बसलेले गृहस्थ निवृत्त बसचालक होते. एका डोळ्यावर हात धरून ते म्हणाले, की काच फुटली असेल तर काळजी करू नका, मला दिसलेलीच नाही. ताई हसली. वाकून पक्कड उचलताना तिने डावा हात पुढे केला, आणि तो मुद्दाम केला हे त्यांना कळलं नाही म्हणून तिला बरं वाटलं. उजवा हात तिने मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. हात नेहमीसारखाच होता. नखाखाली पॉलिशची पांढरी पूड, अंगठ्याजवळ जुना व्रण. महिन्याभरात असं तिसऱ्यांदा की चौथ्यांदा झालं होतं. एकदा दुधाचं पातेलं, एकदा किल्ल्या. डॉक्टरकडे गेलं की त्याला नाव मिळेल, आणि नाव मिळालं की ते चार जणांना सांगावं लागेल, म्हणून ती गेली नव्हती. तोंडाने तिने बसचालकांना नाकावर घट्ट होतंय का ते विचारलं, त्यांनी मान हलवली, आणि तेवढ्यात खिशातला फोन थरथरला.

शिंपिणीचा फोन होता. शिंपीण फोनवर दोन वाक्यांच्या वर बोलत नाही, जास्त बोललं की समोरचा प्रश्न विचारतो असं तिचं म्हणणं. "मावशी गेली, सकाळी, झोपेत. तीनला ये." एवढं बोलून तिने ठेवला. ताईने दांडी सरळ केली, चष्मा पुसून बसचालकांच्या नाकावर बसवला, आरसा समोर धरला. हे सगळं हाताने नीट केलं. मग मालकांकडे जाऊन सांगितलं. मालक सज्जन माणूस, तेवीस वर्षांत त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. तुमच्यात सगळं त्याच दिवशी उरकावं लागतं नाही का, असं त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, आणि तिने नेहमीप्रमाणे हो म्हटलं. जवळचं कुणी होतं का, असंही विचारलं. मावशी, एवढंच ती म्हणाली. मावशी तिची मावशी नव्हती. कुणाचीच नव्हती. सगळी मंडळी तिला मावशी म्हणत, तिच्याहून मोठे म्हातारेसुद्धा, आणि तिची सख्खी मुलगीही चिडली की मावशीच म्हणायची.

तीन वाजायला वेळ होता. ताई चालतच निघाली. रस्त्यावर खोदकाम चाललं होतं, फुटपाथवर फळ्या टाकल्या होत्या, आणि त्या फळ्यांवरून जाताना तिला सारखं वाटत होतं की आपण काहीतरी जड उचललं आहे आणि ते सांडू न देता नेतो आहोत. रडू येत नव्हतं. थकवा येत होता, तोही आजचा नव्हे. गेल्या काही वर्षांत मंडळींतलं, म्हणजे त्यांच्या मूठभर ज्यू समाजातलं, प्रत्येक काम असं झालं होतं की करणारी माणसं कमी आणि काम तेवढंच. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात म्हणून सकाळी फोन फिरवायचा. नवव्या माणसाला सांगायचं की दहावा आलाय आणि दहाव्याला सांगायचं की तुमच्यावाचून अडलंय. बायकांच्या सज्ज्यावर छत गळतं, तिथे बादली ठेवायची आणि बादली भरली की ओतायची. शुक्रवारच्या चहाच्या पाळ्या लावायच्या आणि एकमेकांशी न बोलणारी दोन घरं चुकूनही एका शुक्रवारी येऊ द्यायची नाहीत. सिनेगॉगच्या, त्यांच्या प्रार्थनाघराच्या, आवारात लहानपणी तिने आट्यापाट्या खेळल्या होत्या तेव्हा मोठी माणसं कशामुळे एवढी खेकसत असतात ते तिला कळत नसे. आता कळत होतं. ती माणसं दमलेली होती. आणि या सगळ्या कामांत एक काम असं, की त्याची पाळी लागत नाही, त्याचे आभार कुणी मानत नाही, कारण ज्याच्यासाठी करायचं तो आभार मानू शकत नाही. मंडळींतली बाई गेली की तिला मंडळींतल्याच बायकांनी धुवायचं, पांढरं नेसवायचं, निरोप द्यायचा. आत काय झालं ते बाहेर बोलायचं नाही. मावशीने चाळीस वर्षं ते केलं आणि ताईला तिनेच त्यात ओढलं.

गेल्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी हा विषय काढला होता. छताच्या नंतर आणि चहापाण्याच्या आधी, मुद्दाम मध्ये घातल्यासारखा. अध्यक्ष वाईट नाहीत. दाताचे डॉक्टर आहेत आणि कुठलंही दुखणं मुळासकट काढावं असं त्यांना वाटतं. ते म्हणाले, शेजारच्या शहरात एक कंपनी आहे, आपल्या पद्धतीनेच करतात, गाडी पाठवतात, आपल्या बायकांना या वयात हे ओझं कशाला. तुम्ही आता किती जणी उरलात, असं त्यांनी ताईकडे बघून विचारलं. मावशीने वयामुळे तोवर ते काम सोडलं होतं. ताई उभी राहून म्हणाली, चार, आणि चार पुरे होतात. मागच्या रांगेतून मावशी मोठ्याने म्हणाली होती, "मला धुवायला कंपनी नको. मी जन्मात कधी कंपनीत नोकरी केली नाही." सगळे हसले, अध्यक्षही हसले, आणि विषय पुढच्या सभेपर्यंत ढकलला. त्या हसण्यात ताईच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की आपण चार म्हटलं. चारांतली एक कमी झाली की तो विषय पुन्हा येणार आणि त्या वेळी मागच्या रांगेतून कुणी बोलणार नाही. तेव्हा हाताला काही झालेलं नव्हतं. किंवा झालं असेल, तिने पाहिलं नसेल.

दफनभूमीच्या फाटकाच्या आत डाव्या हाताला, हे काम जिथे करतात ती बैठी इमारत. बाहेर पडवी, पडवीत एक लाकडी बाक, मग दार, दाराच्या आत फरशीची खोली. बाकावर मावशीची मुलगी बसली होती. प्रवासाचे बूट, मांडीवर पिशवी, कानात इअरफोन. ताईला पाहून तिने एक कान मोकळा केला. ती दुसऱ्या शहरात राहते, देवाधर्माचं तिला काही नाही, आणि ते तिने कधी लपवलेलं नाही. ती म्हणाली, की सकाळी फोन आला तशी निघाले, आधीच्या दोन रात्रीही कामामुळे डोळ्याला डोळा लागला नाही, काही सह्या हव्या असतील तर आत्ताच सांगा. मग म्हणाली, की अध्यक्षांनी कंपनीचं सुचवलं होतं आणि मी हो म्हणणार होते, खरं सांगते, पण तिने मागेच माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. तुम्हालाच त्रास. ताईने म्हटलं, त्रास कसला. हे वाक्य तोंडातून इतक्या सवयीने बाहेर पडलं, की ते आपण म्हटलं की आपल्याआधी इथे उभ्या राहिलेल्या कुणी बाईने, असा तिला क्षणभर प्रश्न पडला.

आत बाकी तिघी आल्या होत्या. शिंपीण कपडे मांडत होती. ते तीच शिवते, हाताने, दोऱ्याला गाठ न मारता, कारण या कपड्यांना गाठ नसते आणि खिसा नसतो. शिंपिणीचं वय सत्तरीच्या पुढे, पण सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवते आणि ताईच्या दुकानावर त्यावरून टोमणे मारते. औषधांच्या दुकानात बसणारी, जिला सगळ्या औषधवाली म्हणतात, ती पाण्यात कोपर बुडवून ते कोमट आहे का बघत होती. चौथी नवी, दोन वर्षांपूर्वी मंडळींत आलेली. पोहायला शिकवते, खांदे रुंद, बोलणं कमी. शिंपीण तिला पोहणारी म्हणते, समोरसुद्धा. त्या कुणी ताईशी बोलल्या नाहीत. इथे लागेल तेवढंच बोलायचं असतं. ताईने बाह्या वर केल्या, ॲप्रन बांधला. नाड्या बांधताना बोटांनी साथ दिली. आज देतील, असं तिने स्वतःला सांगितलं. आजचा दिवस.

मावशी चादरीखाली होती. चादरीखाली इतकी थोडी जागा व्यापलेली, की ताईला आधी वाटलं अजून कुणी तिला नीट ठेवलेली नाही. त्यांनी कामाला सुरुवात केली. उजवी बाजू आधी, मग डावी. जेवढं धुवायचं तेवढंच उघडायचं, लगेच झाकायचं. कापूस, पाणी, नखांखालची रेघ काडीने. मावशीच्या डाव्या हाताच्या नखांवर फिकट गुलाबी रंग होता. औषधवालीने तो पुसला आणि पुसताना तिचा चेहरा जरासा हलला. नव्वदीची मावशी नखं रंगवते हे कुणालाच माहीत नव्हतं. ताईच्या मनात आलं, की आपल्याला एखाद्या माणसाचं असं काहीतरी शेवटी इथेच कळतं आणि ते सांगायचीही सोय नसते. मावशीचं अंग ती पहिल्यांदाच पाहत होती आणि तरी ते ओळखीचं वाटत होतं, कारण याच खोलीत मावशी तिच्या बाजूला उभी राहून कोपराने तिला खुणा करायची. हळू. इकडे. घाई करू नकोस. घाई हा मावशीच्या लेखी एकच गुन्हा होता. बाकी सगळ्याला ती होतं असं म्हणून सोडून द्यायची. एकदा एका उन्हाळी दुपारी, तिघींचे पाय गळून गेले असताना, ताई म्हणाली होती की मावशी, तिला आता काय कळतंय. मावशी रागावली नाही. तिने फक्त विचारलं, आणि तुला?

मग पाणी. फळी डोक्याकडून उचलायची, म्हणजे पाणी वरून पायाकडे वाहून जाईल. अंगाखाली लाकडाच्या पट्ट्या, म्हणजे ते खालूनही जाईल. तीन बादल्या. पहिली संपायच्या आत दुसरीची धार सुरू व्हायला हवी, दुसरी संपायच्या आत तिसरीची. मध्ये खंड पडता कामा नये. तिन्ही बादल्या मिळून ते एकच पाणी असतं, आणि तुटलं तर ते पाणी झालंच नाही असं धरून पहिल्यापासून पुन्हा. औषधवालीने फळी धरली. शिंपिणीने पहिली बादली घेतली, ताईने दुसरी, पोहणारीने तिसरी. शिंपिणीने ओतायला सुरुवात केली आणि तिच्या जाड आवाजात ते शब्द म्हणू लागली, की ही शुद्ध आहे. ताईने बादली उचलली. वजन खांद्यात आलं, मग कोपरात, मग मनगटात, आणि मनगटात आल्यावर तिला कळलं की आता ते होणार. ती बादली पुढे करत होती, कड तिरपी होत होती, पाण्याचा पहिला ओघळ सुटलाही, आणि बोटं गेली. बादली पडली नाही. डाव्या हाताने आणि पोटाने तिने ती अडवली, लगेच पुन्हा तिरपी केली, पाणी पुन्हा सुरू झालं, पोहणारीने तिसरी घेतली आणि पुरी केली. पण मध्ये, शिंपिणीची बादली रिकामी झाल्यावर आणि ताईची पुन्हा वाहू लागण्याआधी, मावशीच्या छातीवर काही पडत नव्हतं. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. त्या वेळात मावशीची कातडी पाण्याखाली नव्हती, नुसती ओली होती, आणि ताईने ती पाहिली.

 शिंपिणीने शब्द तिसऱ्यांदा म्हणून संपवले. औषधवालीने फळी सावकाश खाली आणली. फरशीवरून पाणी मोरीकडे जात होतं, आणि त्याचा आवाज ऐकताना ताई त्या खोलीत नव्हती. बाहेर बाकावर होती, एकतीस वर्षांची, मांडीवर आईची पर्स घेऊन. आईला आत नेलं होतं. नात्यातल्यांनी आत जायचं नसतं, म्हणून ती बाहेर. दाराआड पाणी पडल्याचा आवाज आला आणि थांबला. तिला वाटलं, झालं. ती उठून उभीही राहिली. मग आत कुणीतरी हलक्या आवाजात बोललं, कुणीतरी उत्तर दिलं, नळ सुटला, बराच वेळ सुटलेला राहिला, आणि मग पुन्हा पाणी, पहिल्यासारखंच, सगळं. तेव्हा तिला वाटलं असंच असतं, दोनदा असतं. चार वर्षांनी मावशीने तिला या कामात घेतलं आणि पहिल्याच दिवशी तिला समजलं की ते एकदाच असतं. आईच्या वेळी कुणाची तरी धार तुटली होती. कुणाची, ते तिने कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मावशीने सांगितलं नसतं. पण त्या बायकांना कुणी पाहत नव्हतं. दार बंद होतं, दुपार होती, त्याही दमलेल्या असणार. त्यांनी नळ सोडला. वर्षानुवर्षं, दुकानात, झोपायच्या आधी, सज्ज्यातली बादली ओतताना, तिला तो नळाचा आवाज मध्येच ऐकू यायचा आणि का कोण जाणे, बरं वाटायचं.

आता नळ बंद होता. शिंपीण कोरडं कापड घेऊन पुढे आली होती. ते कापड एकदा अंगाला लागलं की संपलं. तिघींपैकी कुणी पाहिलं असेल का. पोहणारी बादली उलटी करत होती. न बोलता पुढे गेलं, तर चार जणी चारच राहतात. पुढच्या सभेपर्यंत हाताचं काहीतरी होईल, औषध असेल, व्यायाम असेल. बोललं, की हाताचंही कळलं. अध्यक्ष हळहळतील, मनापासून, आणि कंपनीची गाडी फाटकातून आत येईल. मावशीने चाळीस वर्षं जे धरून ठेवलं ते मावशीच्याच अंगावर सुटल्यासारखं होईल. मावशीला स्वतःला यातलं काय हवं असतं, हा प्रश्न ताईने मनात उलटासुलटा करून पाहिला, आणि तो प्रश्न आपण वेळ काढायला विचारतो आहोत हेही तिला कळलं.

"धार तुटली," ती म्हणाली.

शिंपीण थांबली. तिने ताईच्या तोंडाकडे पाहिलं, हाताकडे नाही. "मला नाही दिसली."

औषधवाली हलकेच म्हणाली, की पाणी अंगावर होतंच, वाहत होतं, मी खालून बघत होते. दोघी खोटं बोलत होत्या की नाही ते ताईला ओळखू येईना. एवढं मात्र कळलं, की त्या तिला दार उघडून देत आहेत, मायेने, आणि त्या दारातून जायला काहीच लागत नाही.

पोहणारीने विचारलं, "तुटली म्हणजे किती?"

"किती नसतं त्यात. माझा हात गेला. मधे गेला. भरा पुन्हा."

 मग शिंपिणीने कापड घडी करून बाजूला ठेवलं आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "गेली तरी ही बाई सोडत नाही बघा." औषधवाली हसली. हसू आवरायला तिने खांद्याला तोंड पुसलं. पोहणारीने नळ सोडला.

बादल्या भरायला वेळ लागला. पाणी कोमट व्हायला आणखी. शिंपीण भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिचे गुडघे थरथरताना ताईला दिसले. या थरथरीचं कारण आपण आहोत. माफी मागावी असं तिला वाटलं, पण मागायची ती कुणाची, हे ठरेना. या वेळी ताईने फळी धरली. हातांनी नाही, खांदा खाली घालून, कोपराच्या आत कड दाबून. औषधवालीने दुसरी बादली घेतली. इतकी वर्षं ताई वरून ओतत होती. खालून ते कसं असतं ते तिला माहीत नव्हतं. पाणी मावशीच्या केसांतून, मानेच्या बाजूने, फळीच्या कडेवरून ताईच्या गालावर आलं, बाहीत शिरलं, पायांत गेलं. शिंपिणीची धार बारीक होत आली तेव्हा औषधवालीची तिच्यात मिसळली. नेमकी कुठे मिसळली ते कळलं नाही. मग पोहणारीची. तिचे हात ठाम होते, ती घाई करत नव्हती. 

मग पुसलं, नेसवलं, बंद गाठीशिवाय वळवून अडकवले. शेवटी चौघी फळीभोवती उभ्या राहिल्या. मावशीचं, तिच्या आईबापांचं नाव घेऊन ताईने नेहमीचं ते म्हटलं, की आम्ही जे केलं ते तुझ्या मानासाठी केलं, त्यात काही उणं राहिलं असेल तर आम्हाला क्षमा कर. हे वाक्य तिने आजवर अनेकींना म्हटलं होतं. आज ते म्हणताना आवाज पुरला, पण वाक्य संपल्यावर पुढे काय करायचं ते तिला आठवेना, आणि पोहणारीने तिच्या पाठीला हात लावून तिला दाराकडे वळवलं.

मागच्या नळाशी हात धुताना शिंपिणीने विचारलं, कधीपासून. महिना झाला असेल, ताई म्हणाली. शिंपीण म्हणाली, मला वाटलंच होतं, त्या शुक्रवारी कप दोन्ही हातांनी धरला होतास, म्हटलं एवढी थंडी कुठे आहे. अध्यक्षांना काय सांगायचं, असं औषधवालीने विचारलं.  ताईने सांगितलं, की जे आहे ते मी सांगेन. ओतायला तिघी, धरायला एक. पोहणारीचे हात ठाम आहेत म्हणेन. ते कंपनीचं म्हणाले तर म्हणू देत, सभेत हात वर करू. "कुठला हात?" शिंपीण म्हणाली. यावर ताईला खरंच हसू आलं, पोटातून आलेलं, दुखणारं, आणि ते थांबवायला तिला नळाचा दांडा धरावा लागला.

दफन संध्याकाळच्या आत होतं. तोवर मावशीजवळ कुणीतरी बसायला हवं, एकटं ठेवायचं नसतं. ताई बसते म्हणाली. त्या तिघी चहा प्यायला निघून गेल्या. पडवीत आल्यावर तिने पाहिलं, तर मावशीची मुलगी बाकावर झोपली होती. डोकं भिंतीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, दोन्ही कानांत इअरफोन. त्यांतून कुठलंसं गाणं इतकं बारीक ऐकू येत होतं, की ते गाणं आहे एवढंच कळत होतं. म्हणजे तिने काहीच ऐकलं नव्हतं. ना पहिलं पाणी, ना नळ, ना दुसरं. ताई उभी राहिली. तिला वाईट वाटायला हवं होतं, ती त्या वाईट वाटण्याची वाट पाहत राहिली, पण आलं ते वेगळंच. पाय दुखत होते, पाठ दुखत होती, आणि मधे कुठेतरी एक जागा मोकळी झाली होती. दार उघडं ठेवून, आत फळी दिसेल अशा बेताने ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकली. ओले हात तिने मांडीवर उताणे ठेवले. उजव्या हाताची बोटं जरा वाकलेली होती, तशीच राहू दिली.

बाक हलला म्हणून मुलगी जागी झाली. तिने इअरफोन काढले, कुठे आहोत ते आठवायला तिला वेळ लागला. मग दारातून आत बघितलं, पांढरं दिसलं, आणि लगेच नजर काढून घेतली.

"झालं?"

"झालं."

"बराच वेळ लागला का? मला झोप लागली."

"लागला जरा."

मुलीने चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले.  मग म्हणाली, "तिला तुमचा भरवसा नव्हता, सांगू? म्हणायची, माझ्या वेळी सगळ्या दमलेल्या असतील. उरकतील मला."

ताईने आत पाहिलं. "नाही उरकलं," ती म्हणाली.